अडतीस चिंचोके

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, झाली की आमच्याकडे शाळेची सहल निघते. शेतात जाऊन आंबील प्यालेली, भज्जी खाल्लेली माणसं घरी येतात आणि चार-आठ दिवसांत लेकरं घरोघर एक कागद घेऊन फिरायला लागतात. वर शाळेचं नाव, खाली 'पालकांची सही', आणि मधला मजकूर इतका बारीक की वाचायला उन्हात जावं लागतं. या दिवसांत सकाळी धुई असते. तुरीच्या शेंगा वाळून खुळखुळतात. हरभऱ्यातून चालत गेलं की पायाला आंब लागते आणि भेगा चुरचुरतात. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दिवसभर धडधडत जातात, त्यांच्या मागं लेकरं ऊस ओढायला पळतात. हंगाम चांगला आहे. मला तो आवडत नाही.

थंडीनं गुडघे धरतात म्हणून मी कुरकुरते असं घरच्यांना वाटतं. गुडघे धरतात हे खरं आहे. पण गुडघे दिवाळीपासूनच धरतात आणि माझा जीव धरतो तो हा कागद घरात आल्यावर.

आमचं गाव देगलूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. इथल्या शाळेत मी बावीस वर्षं खिचडी शिजवली. स्वतः चौथी शिकले, पुढचे वर्ग तेव्हा गावात नव्हते. खिचडीसाठी ठेवली होती, पण सगळंच करायचे. पाणी भरायचं, वर्ग झाडायचे, आणि शाळा सुटली की वर्गांना कुलूप आणि मुलींच्या संडासांना बाहेरून कडी. कडी राहिली तर कुत्री आत जाऊन बसायची, दुसऱ्या दिवशी पोरी किंचाळत बाहेर यायच्या. त्यामुळं दार दिसलं की माझा हात कडीकडं जायचा. विचार करावा लागत नव्हता.

वर्षातून एकदा सहल. मास्तर सगळे पुरुष. मुलींबरोबर बाईमाणूस पाहिजे म्हणून मी. येता का, असं कुणी विचारलं नाही. आदल्या दिवशी मोठे गुरुजी सांगायचे, "मावशी, पातेलं अन् दोन घागरी काढून ठेवा. सकाळी पाचला या." बाईमाणूस म्हणून नेत, आणि काम पातेल्याचं देत. मीही पातेल्यालाच जपत होते. पातेलं हरवलं तर जाब कुणाला विचारतील हे मला माहीत होतं.

गाडीत माझी जागा दाराशी, घागरींना पाय लावून. खिडकी पुढच्या पोरींना. मला दिसायचा तो मागं पळणारा रस्ता, तोही दाराच्या फटीतून. नांदेड मी अकरा वेळा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्या फटीएवढंच.

गेल्या महिन्यात आताचे मुख्याध्यापक घरी आले. तरुण माणूस आहे, बिलोलीकडचा, मोटारसायकल अंगणात लावून तो सरळ ओसरीवर येऊन बसतो. माझी नात श्रावणी सातवीत त्यांच्याच शाळेत आहे. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि परत आत गेली नाही, दाराला टेकून उभी राहिली. तेव्हाच मला कळलं की हिला आधीच सांगून ठेवलंय.

"आजी, हितं एक सही करा."

"कशाची?"

"सहलीची. विष्णुपुरीचं धरण अन् नांदेड. मुलींच्या संगं बायामाणसं किती, त्यांची नावं वरून मागून राहिलेत. एक तरी नाव पाहिजे. अनिता मॅडम काही हाव म्हणत न्हाईत. मागच्या वर्षी ताप आला, त्याच्या मागच्या वर्षी सासू पडली. या वर्षी कोण पडतंय बघायचं."

"अन् मी कशी येऊ? मला संडासला जायचं तर भिंत धरावी लागते."

"यायचं कोण म्हणतंय? नाव द्या नुसतं. तुम्हाला बावीस वर्षांचा अनुभव हाय, कागदावर लई वजन पडतंय."

"मंग गाडीत बाई कोण असंल?"

त्यांनी तांब्या उचलून घोट घेतला. "आम्ही दोघं सर असतोच की. आमच्याही लेकीच हायेत त्या."

माणूस वाईट नाही. पोरींना कुठंतरी न्यावं असं त्यांना मनापासून वाटतं. आधीच्यांनी तर पाच वर्षं सहल काढलीच नव्हती, कटकट नको म्हणून. मी म्हणाले, कागद ठेवून जा, बघते. ते गेल्यावर श्रावणी माझ्याशेजारी येऊन बसली.

"आज्जे, कर ना सही."

"मी येणार न्हाई अन् येते म्हणून लिहू?"

"सगळेच लिहितात. तुझ्या एका सहीपायी आम्ही सगळ्या घरी बसायचं का? मी धरण नुसतं मोबाइलवर बघितलंय. दरवाजे उघडले की पाणी कसं पडतंय त्याचा आवाज पण बंद करून ठेवलाय कुणीतरी त्या व्हिडिओचा."

तिचं चुकत नव्हतं. या गावातल्या मुली सातवीपर्यंत शाळा, शेत आणि लग्नाची गाडी एवढंच बघतात. सही केली तर गाडीत एक बाई कागदापुरती बसणार. नाही केली तर पोरी घरी बसणार. आणि अनिता का जात नाही हे मुख्याध्यापकांना माहीत नाही, श्रावणीला माहीत नाही, अनिताच्या आईला सुद्धा माहीत नाही. मला माहीत आहे. ते सांगितलं असतं तर सहीचा प्रश्न तिथंच सुटला असता. पण ते सांगायचं म्हणजे माझंच सांगायचं. म्हणून मी तो कागद उशीखाली ठेवला आणि आठ दिवस त्याच्यावर डोकं ठेवून झोपले. झोपले म्हणायला.

अनिता तेव्हा सातवीत होती. श्रावणी आज आहे तेवढीच. वीस वर्षं होऊन गेली. त्या वर्षी अडतीस मुली होत्या.

आमच्याकडे लेकरं बोट दाखवून मोजत नाहीत. आयांना चालत नाही. मोजलेलं लेकरू कमी होतं, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. एकदा एका मास्तरांनी गाडीत चढताना पोरींच्या डोक्यावर पेन्सिल टेकवत एक, दोन, तीन केलं, तर दोन आया भांडायला उभ्या राहिल्या आणि एकीनं लेकीला खाली उतरवून घरी नेलं. म्हणून मी चिंचोके काढले. जितक्या मुली तितके चिंचोके एका पिशवीत. गाडीतून उतरताना प्रत्येकीनं एक घ्यायचा, चढताना पिशवीत परत टाकायचा. पिशवीतले चिंचोके मोजायचे. पोरी मोजल्या नाहीत, मोजणीही झाली. मोठ्या गुरुजींना हे इतकं आवडलं की त्यांनी तालुक्याच्या बैठकीत सांगितलं. मलाही आवडलं होतं. खिचडीवाल्या बाईनं काढलेली गोष्ट तालुक्याला गेली.

विष्णुपुरीच्या वाटेवर एका माणसाची पेरूची बाग होती, तिथं जेवण केलं. चुली मांडल्या. धूर डोळ्यांत जात होता, पेरूचा वास होता, पलीकडं पोरींची फुगडी चालू होती. मी भात उतरवत होते तेव्हा अनिता येऊन माझ्याजवळ उभी राहिली. नुसती उभी, परकराच्या पुढं दोन्ही हात धरून.

मी म्हणाले, "काय गं, चुलीत पडशील. जा तिकडं, खेळ."

ती गेली नाही. म्हणाली, "मावशी, जरा इकडं या ना."

"पातेलं काय तुझा बाप धरणार हाय? जा म्हणलं न्हाई का?"

तेव्हा ती गेली. मी पाठमोरीही बघितली नाही. बघितली असती तर परकर दिसला असता आणि पुढचं काही झालं नसतं. गाडीत बाईमाणूस कशासाठी हवं, तर याच एका गोष्टीसाठी हवं. आणि ती गोष्ट माझ्यापुढं चालत आली तेव्हा माझं लक्ष भातावर होतं.

जेवणं झाली. भांडी घासली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, त्याला अंधाराच्या आत देगलूर गाठायचं होतं. पोरी चढल्या, चिंचोके पिशवीत पडले. घागर विसरली म्हणून मी एकटी परत बागेत गेले. बागेच्या कडेला दोन संडास होते, पत्र्याच्या दारांचे. एक उघडं होतं, कुत्रं त्याच्या तोंडाशी घुटमळत होतं. मी कुत्र्याला हाकललं, दार ओढलं, कडी लावली. दुसरं लावलेलंच होतं. त्याचीही कडी लावली. आत कोण आहे का म्हणून हाक मारली नाही. घागर घेतली, गाडीत बसले, मांडीवर चिंचोके मोजले. अडतीस. "चला," म्हणाले.

पोरींना आपापसांत सोपं वाटतं तसं त्यांनी केलं होतं. अनितानं संडासकडं जाताना आपला चिंचोका मैत्रिणीच्या हातात दिला, माझा टाक, मी आलेच म्हणून. मैत्रिणीनं दोन टाकले. पिशवीत अडतीस चिंचोके होते आणि गाडीत सदतीस पोरी.

अर्ध्या तासानं ती मैत्रीण उठून मागं आली. "मावशी, अनिता पुढं बसलीय का?"

तो क्षण मी पुष्कळदा बघितला आहे. डोक्याला काही कळायच्या आधी माझ्या हाताला आठवलं. कडीचा थंडपणा बोटांना आला. मी मोठ्यानं ओरडले नाही. उठून मोठ्या गुरुजींकडं गेले आणि म्हणाले, अनिता बागेत राहिली. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि परत मोजायला लागले. मी म्हणाले, "चिंचोके काय मोजता, ती न्हाई गाडीत." तरी त्यांनी शेवटपर्यंत मोजले.

गाडी वळवायला जागा नव्हती. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मागं पण तीच, रस्ता अरुंद, दोन्हीकडं चारी. एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली कलली होती आणि माणसं मोळ्या उतरवत होती. आम्ही मधे. मी दाराशी उभी होते. उतरून पळाले असते तर पायी दोन तास. बसून राहिले तर काय होणार ते ड्रायव्हरच्या हातात पण नव्हतं. उसाचा गोड, आंबलेला वास गाडीत भरला होता. आजही ट्रॅक्टर गेला की मी नाक पदरानं धरते, घरचे म्हणतात, आजीला डिझेल सोसत नाही.

बागेत पोचलो तेव्हा दीड तास झाला होता. मी सगळ्यांच्या पुढं गेले. मास्तरांना म्हणाले, बायांचं संडास आहे, तुम्ही लांब थांबा. ते खरंच थांबले. म्हणून दाराला बाहेरून कडी होती हे कुणी पाहिलं नाही, आणि ती मीच काढली हेही कुणी पाहिलं नाही.

ती उभी होती. बसायला जागाच नव्हती. रडत नव्हती. परकर मागून ओला, तिनं तिथल्याच डब्यातल्या पाण्यानं धुवायचा प्रयत्न केला होता. तेव्हा मला कळलं की ती चुलीजवळ कशासाठी आली होती. भांडी उचलायचं एक धुतलेलं फडकं माझ्या खांद्यावर होतं ते मी तिला दिलं, कसं घ्यायचं ते सांगितलं, माझी चादर तिच्या कमरेला गुंडाळली. एवढं केलं. आणि मग तिचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "आईला हे कोंडल्याचं सांगायचं न्हाई. सांगितलंस तर तुला पुन्हा कुठंच पाठवायची न्हाई ती. शाळा पण बंद करंल."

तिनं मान हलवली. पोरींना सांगितलं गेलं की अनिताला चक्कर आली होती. घरी आल्यावरही तेच.

मी हे लिहिताना स्वतःला शिव्या द्यायला बसलेली नाही. गाडीत चार मोठी माणसं होती. चौघांनाही वाटत होतं की बाकीचे तिघं बघतायत. मोठे गुरुजी पुढच्या रस्त्याकडं बघत होते, दोघं मास्तर मुलींना गाणी म्हणायला लावत होते, मी पातेल्याकडं. अडतीस मुली सगळ्यांच्या मिळून होत्या, म्हणजे कुणाच्याच नव्हत्या. एवढं कळायला मला पुढं कितीतरी हिवाळे लागले. तोवर मी चिंचोके बंद केले होते, कुणी विचारलं तर म्हणायचे, किडले.

अनिता शिकली. आईनं शाळा बंद केली नाही. डी.एड. केलं, मास्तरीण झाली, लग्न लातूरला झालं. नवरा तिथं क्लासमध्ये गणित शिकवतो. आणि दोन वर्षांपूर्वी बदली होऊन ती आमच्याच शाळेत आली. आठवडाभर आईकडं राहते, शनिवारी दुपारी लातूरची गाडी धरते. येता-जाता माझ्या ओसरीवरून जाते. "नमस्कार मावशी," म्हणते. मी "हाव" म्हणते. दोन वर्षांत याच्या पुढं आम्ही गेलो नाही. तिची आई गंगाबाई मात्र रोज दुपारी माझ्याकडं उन्हाला येऊन बसते. लसूण सोलायचा, भाजी निवडायची, कुणाची सून कशी ते बोलायचं. चाळीस वर्षांची बैठक आहे. मला अक्का म्हणते.

आठव्या दिवशी मी काठी घेऊन शाळेत गेले. मधली सुटी होती. अनिता वर्गात वह्या तपासत होती. मी समोरच्या बाकावर बसले, तो बाक माझ्यासाठी बनवलेला नव्हता, गुडघे वर आले.

"तुम्ही कशाला आल्या एवढं चालत? निरोप द्यायचा होता."

"सहलीला जात न्हाईस म्हणं."

"न्हाई."

"कामून?"

तिनं वही मिटली. "मावशी, तुम्ही मला विचारून राहिल्या?"

मी म्हणाले, "तुला भ्या वाटत असंल तर साहजिक हाय. कोंडलेलं माणूस..."

"कोंडल्याचं न्हाई काही. दीड तास होता तो, संपला." तिचा आवाज वर्गात शिकवतात तसा होता, सपाट. "कडी तुम्ही लावली होती."

मी काठी बाकाला टेकवून ठेवली.

"तुमच्या बांगड्या ओळखू येत होत्या मला. रोज शाळेत ऐकायचे. तुम्ही कुत्र्याला हाड म्हणाल्या ते पण ऐकलं. मी हाक मारणार होते. पण तुम्ही चुलीपाशी खेकसल्या होत्या ना, तर वाटलं परत खेकसाल. म्हणून थोडी थांबले. तेवढ्यात कडी वाजली. मंग ओरडले, तर हॉर्न."

"मला वाटलं, तुला ठाऊक न्हाई."

"मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, चुकून झालं, आता मावशी रडतील, जवळ घेतील. तुम्ही खांदे धरले अन् म्हणाल्या, आईला सांगशील तर शाळा बंद. मी डी.एड. होईपर्यंत आईपुढं दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर पण तोंड उघडलं न्हाई. कुणी काही केलं, कुणी काही बोललं, सगळं पोटात. कारण सांगितलं की शाळा बंद. हे तुम्ही शिकवलं मला. बाकी शाळेनं शिकवलं."

बाहेर पोरी पाण्याच्या टाकीशी भांडत होत्या. श्रावणीचा आवाज सगळ्यांत मोठा. मी तिथून उठू पण शकत नव्हते, त्या बाकात माझे पाय अडकले होते आणि उठायला तिलाच हात मागावा लागला असता.

शेवटी विचारलं, "मंग पोरींनी जायचंच न्हाई का?"

"जायचं. मी नेते. सगळं करते, मला येतं ते. दहा मुलींमागं एक मोठं माणूस, अन् ते गाडीत असलेलं, कागदावरचं न्हाई. ज्याच्या मुली त्यानं बघायच्या. एकीचं दुसरीनं सांगायचं न्हाई. पण आधी तुम्ही माझ्या आईला सांगा."

"आता? वीस वर्षांनी? तुझी आई काय करंल ते ऐकून?"

"ते तिचं ती बघंल. मला उद्या अडीच-तीन डझन आयांना सांगायचंय, तुमची लेक माझ्या हवाली करा, काही झालं तर मी स्वतः तुम्हाला सांगन. माझ्याच आईला सांगितलेलं न्हाई तर हे मी कोणत्या तोंडानं बोलू?"

मग तिनंच मला हाताला धरून उठवलं.

त्या दुपारी गंगाबाई नेहमीसारखी आली. हरभऱ्याची भाजी घेऊन आली होती निवडायला. मी सांगायला लागले. सुरुवातीला तिला वाटलं दुसऱ्या कुणाच्या लेकीचं आहे, ती "मंग?" "मंग गं?" करत राहिली. नाव घेतलं तेव्हा तिचे हात थांबले नाहीत, पण निवडलेल्या भाजीचा आणि टाकायच्या काड्यांचा असे दोन्ही ढीग एकत्र व्हायला लागले. मी काही गाळलं नाही. चुलीपाशी हाकलली ते, कडी, चिंचोके, खांदे धरून बोलले ते.

"किती वेळ होती आत?"

"दीड तास."

"अन् घरी आली तवा चक्कर आली म्हणलीस तू."

"हाव."

"दुसऱ्या दिवशी म्या आले होते तुझ्याकडं. लेकीला पहिल्यांदा झालं, परमुलखात झालं, मावशीनं निभावलं म्हणून. खण घेऊन आले होते."

"हाव."

"तू घेतलास."

"घेतला."

"शिवलास?"

"शिवला."

तिनं भाजी पदरात गोळा केली. उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, शिवी देईल, आणि मी ती घ्यायला तयार बसले होते. तिनं शिवी दिली नाही. म्हणाली, "लेकीनं वीस वर्षं मला काही सांगितलं न्हाई. मला वाटायचं तिचा स्वभावच मुका हाय. सासरी पण मीच सांगून धाडलं, पोरगी मुकी हाय, सांभाळून घ्या." आणि गेली. त्या दिवसापासून दुपारी ती येत नाही. ऊन माझ्या ओसरीवर एकटंच येतं.

मुख्याध्यापकांना मी कागद कोरा परत दिला. त्यांना त्याची गरज उरली नव्हती, तोवर त्यांची यादी भरली होती. अनितानं चार दिवस घरोघर फिरून बाया काढल्या होत्या. शेतातली कामं सोडून यायला कोण तयार होतं? पण तीन आया निघाल्या. शाळेत फळ्यावर नावं लिहून त्यांना समोर बसवलं. प्रत्येकीला आपापल्या दहा मुलींची नावं तोंडपाठ करायला लावली. स्वतःची लेक कुणालाच दिली नाही. एक आई म्हणाली, "हे काय उलटंच, माझी मलाच द्या की." अनिता म्हणाली, "तुमची तुमच्यात असली की बाकीच्या नऊ दिसत न्हाईत." संडासला दोघी मिळून जायचं आणि बाहेर एका आईनं थांबायचं. कुणाच्या पोटात दुखलं, कुणाला काही झालं, तर हळू सांगितलं तरी चालेल, पण सांगायचं. गाडी निघताना हॉर्न वाजवायचा नाही. आई आपल्या दहाजणींची तोंडं बघणार, नाव घेणार, आणि मग ड्रायव्हरला अनिता सांगणार. मोजायला आयांची काही हरकत असेल तर मोजू नका, ओळखा, असं ती म्हणाली म्हणे. हे सगळं श्रावणीनं मला येऊन सांगितलं. मला कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं.

आज पहाटे मी काठी टेकत पारापर्यंत गेले. धुई इतकी होती की गाडीचे दिवे पिवळे गोळे दिसत होते. पोरी नवीन स्वेटर घालून उड्या मारत होत्या, श्रावणीनं मला ओळखही दाखवली नाही, मैत्रिणींत होती. तीन आयांतली तिसरी कोण ते मला तिथं कळलं. पुढच्या खिडकीशी गंगाबाई बसली होती. डोक्याला मफलर बांधलेला. आयुष्यात ती देगलूरच्या बाजाराच्या पुढं स्वतःसाठी कधी गेलेली नाही. हातात कागद होता, त्यावर दहा नावं. तिला वाचता येत नाही. तरी धरून होती, ओठ हलत होते. आठव्या नावापाशी अडली की परत पहिल्यापासून.

मी खिडकीखाली उभी राहिले. म्हणाले, "पोरींकडं ध्यान ठेव गं."

तिनं खाली बघितलं. "ठेवते," म्हणाली. "तू घरी थांब, अक्का."

हॉर्न न वाजवता गाडी गेली.

आता दुपारचे चार वाजलेत. संध्याकाळी सहाला येतो म्हणालेत. सून म्हणते, आत येऊन पडा जरा. पडवत नाही. ट्रॅक्टर गेला की मान वर होते, तो आपला ट्रॅक्टरच असतो. बावीस वर्षं मी गाडीत होते, पातेल्यापाशी, आणि गावात आया असं ओसरीवर बसून असत. त्यांना उठता येत नसे, विचारता येत नसे, लेकीकडं बघता येत नसे. मी संध्याकाळी उतरायचे आणि म्हणायचे, सगळ्या आल्या बघा. त्या विश्वास ठेवायच्या.

मी घरी थांबले आहे.